ज्युलिएटच्या गावी

मिलानहून निघालेली गाडी सव्वा तासात वेरोनाच्या पोर्ता नुओव्हा स्थानकात येऊन थांबली. मे महिन्याचे दिवस होते, साल २०२३. मुलाच्या नोकरीमुळे मिलानला महिनाभर राहण्याचा योग आला होता. "आई, आधी व्हेनिस की फ्लॉरेन्स?" असे त्याने विचारले, तेव्हा मी चटकन "वेरोना" म्हणून गेले. तो हसला. आईने जन्मभर बडोद्याच्या शाळेत इंग्रजी शिकवले, तेव्हा तिला रोमिओ-ज्युलिएटचे गाव पाहावेसे वाटणारच, असा त्याचा समज झाला. तो खोटा नव्हता, पण पुरताही नव्हता.

इंदूरला दिलेल्या माझ्या चुलतबहिणीचा, आमच्या ताईचा, मी निघण्याच्या आदल्या आठवड्यात फोन आला होता. तिच्या नातीने स्वतः मुलगा पाहिला आहे. मुलगा गुणी आहे, घर चांगले आहे. पण गुरुजींनी पत्रिका मांडली ती एकनाड निघाली. घरात दोन तट पडले आणि शेवटी "आजी म्हणेल तसे" असे ठरले. ताई मला म्हणाली, "तू ते नाटक जन्मभर शिकवलंस ना? मग तूच सांग. नशिबाच्या पुढं जावं की जाऊ नये?" मी म्हटले, "इटलीहून आल्यावर सांगते." उत्तर टाळण्यामागे एक जुने कारण होते. ते सांगण्यापूर्वी गाव पाहू.

स्थानकातून रुंद रस्त्याने पंधरा-वीस मिनिटे चालले, की जुन्या तटाची दोन मोठी कमानी दारे लागतात. त्यांच्यापाशीच शेक्सपिअरचा अर्धपुतळा असून खाली रोमिओचे हद्दपारीच्या वेळचे उद्गार कोरले आहेत. या तटापलीकडे आपल्याला जगच नाही, असा त्यांचा आशय. शेक्सपिअर इटलीला आल्याचा कोणताही पुरावा नाही. न पाहिलेल्या गावाने आपल्या वेशीवर बसवावे, असे भाग्य किती लेखकांना लाभले असेल?

दारातून आत जावे तो समोर रोमन काळातले प्रचंड रंगमंडल, अरेना. इसवी सनाच्या पहिल्या शतकातले हे बांधकाम गुलाबी-पांढऱ्या दगडाचे आहे. १११७ च्या भूकंपात त्याची बाहेरची भिंत कोसळली; तिच्या चार कमानी तेवढ्या आज एका बाजूला उभ्या दिसतात. १९१३ मध्ये व्हेर्दीच्या जन्मशताब्दीनिमित्त येथे त्याचा 'आइडा' हा ऑपेरा झाला आणि तेव्हापासून उन्हाळी महोत्सवाची प्रथा पडली. आम्ही गेलो ते त्या महोत्सवाचे शंभरावे पर्व होते. प्रयोगांना अजून अवकाश होता, पण अंगणात देखाव्याचे भलेमोठे भाग रचून ठेवले होते. नाटकवेड्या मराठी माणसाला असे गाव परके कसे वाटावे? आपल्याकडेही शेक्सपिअर आला तो ग्रंथालयातून नव्हे, रंगभूमीवरून. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' १८८३ मध्ये केले, देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' १८९० मध्ये. 'सिंबेलाइन'वरून महाजनींनी रचलेल्या 'तारा' नाटकाचा प्रयोग तर आमच्या बडोद्यात पाहून प्राध्यापक हॅरल्ड लिटलडेल यांनी त्यावर इंग्रजी मासिकात लेख लिहिला, तो १८८० साली. पाडगांवकरांनी 'रोमिओ आणि ज्युलिएट' मराठीत आणले ते अलीकडचे.

अरेनापासून संगमरवरी फरशीची एक अरुंद पेठ सरळ पियात्सा देल्ले एर्बे या चौकात नेऊन सोडते. येथे रोमनांचा चौक होता. आता फळांच्या आणि शोभेच्या वस्तूंच्या टपऱ्या आहेत आणि मधोमध १३६८ मधले कारंजे. त्याच्या बाजूने वळले, की व्हिया कापेल्लो. या रस्त्यावरील तेविसाव्या क्रमांकाच्या घरापुढे माणसांची रांग पाहिली आणि विचारावे लागले नाही.

हे ज्युलिएटचे घर. खरे म्हणाल तर हे 'दाल कापेल्लो' नावाच्या कुटुंबाचे. 'कापेल्लो' म्हणजे टोपी. आतल्या कमानीवर दगडी टोपी कोरलेली आहे. त्या नावाचे 'कापुलेत'शी साम्य, एवढ्या आधारावर लोकांनी ते ज्युलिएटचे ठरवले. नगरपालिकेने १९०५ मध्ये ते विकत घेतले आणि १९३० नंतरच्या दशकात अंतोनियो अवेना या संग्रहालय-प्रमुखांनी त्याला जुनेपण दिले. ज्या सज्जाखाली उभे राहून जोडपी छायाचित्रे काढतात तो सज्जाही तेव्हाच, मध्ययुगीन कोरीव दगडाचे भाग जोडून, भिंतीला लावला. गंमत अशी, की मूळ नाटकात सज्जा हा शब्द एकदाही येत नाही. ज्युलिएट वर खिडकीत दिसते, एवढेच.

अंगणात ज्युलिएटचा कांस्यपुतळा आहे. नेरेओ कोस्तान्तिनी यांनी घडवलेला पुतळा १९७२ मध्ये येथे उभा राहिला. त्याला हात लावल्यास प्रेम लाभते, ही समजूत एवढी फोफावली, की लाखो हातांनी त्याला तडा गेला. २०१४ मध्ये मूळ पुतळा आत हलवून अंगणात प्रतिकृती ठेवावी लागली. मला नाटकाचा शेवट आठवला. दोन्ही लेकरे गेल्यावर रोमिओचा बाप ज्युलिएटचा सोन्याचा पुतळा उभारण्याचे वचन देतो आणि ज्युलिएटचा बाप रोमिओचाही तसाच पुतळा उभारू म्हणतो. जिवंतपणी ज्या लेकराला चार दिवसांची मुदत दिली नाही, तिला मेल्यावर सोने! मुले वर्गात या जागी नेहमी गप्प होत.

घराच्या आत एक मेज आहे. तेथे बसून लोक ज्युलिएटला पत्र लिहितात. जगभरातून टपालानेही पत्रे येतात. पत्त्यादाखल "ज्युलिएट, वेरोना" एवढे पुरते. १९३० नंतरच्या दशकात ज्युलिएटच्या थडग्याचा रखवालदार एत्तोरे सोलिमानी याने तेथे ठेवलेल्या चिठ्ठ्या वाचून स्वतःच उत्तरे धाडायला सुरुवात केली. आज 'क्लब दि जुलिएत्ता' या संस्थेचे स्वयंसेवक अनेक भाषांतल्या पत्रांना उत्तरे देतात. मुलगा म्हणाला, "आई, तूही लिही की!" मी कागद घेतला, पेन उघडले आणि पुन्हा मिटले. मला जे लिहायचे होते ते ज्युलिएटला नव्हते.

ही कथा शेक्सपिअरची नव्हे, हे पुष्कळांना ठाऊक असते. लुइजी दा पोर्तो या विचेंत्साच्या सरदाराने १५३० च्या सुमारास ती गद्यात लिहिली. प्रेमिकांना रोमिओ आणि जुलिएत्ता ही नावे त्याने दिली आणि काळ ठरवला तो बार्तोलोमेओ देल्ला स्काला याच्या राज्याचा, म्हणजे १३०१ ते १३०४ चा. नाटकातला राजा एस्कलस म्हणजे हा 'स्काला'च. पुढे बांदेल्लोने ती फुलवली, ती फ्रेंचमध्ये गेली आणि आर्थर ब्रुक याने १५६२ मध्ये तिचे इंग्रजी काव्य केले. शेक्सपिअरने १५९५ च्या सुमारास तेच काव्य पुढ्यात ठेवून नाटक रचले. भांडणाऱ्या घराण्यांची नावे तर त्याहून जुनी. वेरोनाच्या आश्रयाला आलेल्या दान्तेने आपल्या महाकाव्यात मोंतेक्की आणि काप्पेल्लेत्ती यांचा एकत्र उल्लेख केला आहे. त्याचा शुभ्र पुतळा जवळच्याच चौकात विचारमग्न उभा आहे. त्यापलीकडे लोखंडी जाळीच्या आत स्काला घराण्याच्या उंच, कोरीव समाधी आहेत. राजे खरे, समाधी खऱ्या. पण तेथे गर्दी नव्हती.

शेक्सपिअरने कथेत दोन बदल केले. ब्रुकच्या काव्यात ज्युलिएट सोळा वर्षांची आहे. त्याने तिला चौदालाही पंधरवडा कमी असलेली पोर केले. आणि ब्रुककडे महिनोन्‌महिने चालणारी हकिगत त्याने पाच दिवसांत कोंबली. रविवारी रस्त्यात मारामारी, रात्री मेजवानीत भेट; सोमवारी दुपारी गुपचूप विवाह, त्याच दिवशी दोन खून आणि रोमिओला हद्दपारी; मंगळवारी पहाटे ताटातूट; गुरुवारी उजाडण्यापूर्वी थडग्यात दोघांचा अंत. आरंभीच सूत्रधार सांगून टाकतो, की हे प्रेमिक ग्रहांच्या अवकृपेतले. मी तीस वर्षे फळ्यावर 'दैव' हा शब्द लिहून त्याखाली दोन रेघा ओढत आले.

ज्युलिएटचे थडगे आदिजे नदीजवळ, साधूंच्या एका जुन्या मठात आहे. तेथे फारसे कोणी येत नाही. पायऱ्या उतरून खाली गेले, की एका कमानीच्या खोलीत तांबूस संगमरवराची उघडी, रिकामी पेटी. झाकण नाही, नाव नाही. एके काळी ती बागेत पडून असे. १८४४ मध्ये डिकन्सने पाहिली ती तशीच. त्याआधी १८१६ मध्ये आलेल्या बायरनने तिचे कपचे घरच्या मुलींसाठी नेले. पार्म्याच्या डचेसने तर त्यांचे दागिने घडवले. या दगडात कधी ज्युलिएट होती, असे कोणी विद्वान म्हणत नाही. तरी तेथे उभी राहिले आणि पाय हलेनात.

कारण त्या रिकाम्या पेटीशी मला आठवले ते एक पत्र. नाटकातले नव्हे, आमच्या घरातले.

१९६९ साल होते. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात तीन बिऱ्हाडे होती. ताई वीस वर्षांची, मी बाराची. रावपुऱ्यात एका खोलीत राहून विद्यापीठात शिकणारा एक मुलगा तिला आवडत होता आणि तिला तो. घरात कुणकुण लागली. पत्रिका पाहिली गेली, ती जुळली नाही, आणि इंदूरच्या स्थळाशी रविवारी साखरपुडा ठरला. त्या मुलाला दूर नोकरी लागली होती. गुरुवारी संध्याकाळच्या गाडीने तो निघायचा होता. गुरुवारी दुपारी ताईने माझ्या हाती एक पाकीट दिले. "त्याच्याच हातात दे. तो आला, तर मी बाबांपुढं बोलेन."

मी पाकीट कंपासपेटीत घालून निघाले. कोपऱ्यावर काका भेटले. "कुठं निघालीस उन्हाची?" मी म्हटले, "कुठं नाही." त्यांनी पेरूंची पिशवी माझ्या हाती दिली आणि मला बरोबर घेऊन घरी आले. संध्याकाळपर्यंत पुन्हा बाहेर पडण्याचा धीर झाला नाही. रात्री ताईने अंधारात विचारले, "दिलंस?" मी म्हटले, "हो."

शुक्रवारी सकाळी गेले, तर खोलीला कुलूप. घरमालकीणबाईंनी पाकीट घेतले आणि "पाठवीन पत्त्यावर" म्हणाल्या. शुक्रवार गेला, शनिवार गेला. तो आला नाही. रविवारी साखरपुडा झाला. घरातली मोठी माणसे म्हणाली, "योग नव्हता." ताईही पुढे तेच म्हणू लागली. मी काहीच म्हणाले नाही. 'योग नव्हता' या दोन शब्दांच्या आड एक बारा वर्षांची मुलगी लपली होती आणि ती तेथे चोपन्न वर्षे लपून राहिली.

नाटकात रोमिओचा घात होतो तो पत्र न पोचल्यानेच. धर्मगुरू लॉरेन्स त्याला मांतुआला निरोप पाठवतो, की ज्युलिएट मेलेली नाही, बेचाळीस तासांच्या गुंगीत आहे. मांतुआ येथून चाळीसेक किलोमीटर. आमच्या बडोद्याहून आणंद असेल तेवढे. पण निरोप्या साधू प्लेगच्या संशयाने एका घरात कोंडला जातो आणि पत्र जसेच्या तसे परत येते. याला मी वर्गात दैव म्हणत असे. प्लेग कोणाच्या हाती होता?

थडग्यापाशी उभी असता मात्र बाकीचे धागे एकेक करून मोजावेसे वाटले. कापुलेतने लेकीचे लग्न आधी गुरुवारी ठरवले आणि ती "हो" म्हणताच, आनंदाच्या भरात, बुधवारवर आणले. तो एक दिवस टळता, तर दुसरा निरोप्या धाडता आला असता. लॉरेन्सला लग्न लावण्याचे धैर्य होते, ते दोन्ही बापांना सांगण्याचे नव्हते. दाईने आधी निरोप पोचवले आणि वेळ येताच "दुसरा नवरा कर" म्हणून मोकळी झाली. रोमिओने सेवकाच्या तोंडची बातमी ऐकताच विष विकत घेतले. गुरूचे काही पत्र आहे का, हे विचारले, पण वाट पाहिली नाही. प्लेग एवढाच काय तो वरून आलेला. बाकी सारे माणसांच्या घाईने, भीतीने आणि मौनाने घडलेले. सूत्रधार ग्रहांवर बोट ठेवतो खरा, पण शेक्सपिअर पुढे पाच अंक घड्याळ दाखवत राहतो. तीस वर्षे शिकवूनही ते मला दिसले नाही, कारण बघायचे नव्हते. ग्रहांवर बोट राहिले, तर ते माझ्याकडे वळत नाही.

दुपारी नदीकाठी आलो. जुन्या दगडी पुलावर, पोंते पिएत्रावर, वारा सुखद होता. १९४५ च्या एप्रिलात माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने हा रोमन काळातला पूल उडवून दिला. युद्ध संपल्यावर वेरोनाच्या लोकांनी नदीच्या तळातून त्याचे दगड वर काढले आणि शक्य ते मूळ जागी बसवून पूल पुन्हा उभा केला. कोठे पांढरा दगड, कोठे तांबडी वीट, असे त्याचे ठिगळलेले रूप त्याने लपवलेले नाही. पलीकडच्या काठावर टेकडीच्या उतारावर रोमन नाट्यगृह आहे. तेथे १९४८ पासून दर उन्हाळ्यात शेक्सपिअरचे प्रयोग होतात.

मुलगा कॉफी आणायला गेला. मी मघाचा कोरा कागद काढला आणि ताईला पत्र लिहिले. गुरुवार, काका, पेरूंची पिशवी, "हो" हा शब्द आणि शुक्रवारचे कुलूप, सारे लिहिले. शेवटी लिहिले: "नशिबाच्या पुढं जावं का, असं तू विचारलंस. तुझ्या बाबतीत ज्याला आपण नशीब म्हटलं, त्यातलं निदान थोडं तरी मी होते. म्हणून नातीच्या बाबतीत तो शब्द वापरण्याचा अधिकार मला नाही. मुलगा पाहा, माणसं पाहा, तिच्याशी बोला. पत्रिकेवर ढकलू नका."

इटलीतील टपालपेट्या लाल असतात आणि त्यांना दोन फटी असतात. एक गावातल्या पत्रांची, दुसरी बाकी साऱ्या जगाची. मुलगा म्हणाला, "दे, मी टाकतो." मी म्हटले, "नको, मीच टाकते." नीट वाचून दुसऱ्या फटीत पत्र सोडले आणि आत पडल्याचा आवाज ऐकून मग तेथून हलले.

बडोद्याला परतल्यावर आठवड्याभराने ताईचे उत्तर आले. ती फोनवर बोलू शकली असती. पण तिनेही पत्रच लिहिले, तेच जुने तिरपे अक्षर.

"तुझे पत्र पोचले. अठरा दिवस लागले. तू शुक्रवारी गेलीस, हे मला तेव्हाच कळले होते. साखरपुड्यानंतर बारा दिवसांनी त्याचे उत्तर आले. पाकीट घरमालकिणीने पाठवले, असे त्यात होते. लग्नाला अजून दोन महिने अवकाश होता. त्याने विचारले होते, येऊ का? मी ते पत्र बंबात घातले. बाबांपुढे बोलायचे होते मी, तू नव्हे. आपले आयुष्य एका पोरीच्या कंपासपेटीत घालून पाठवले, ही चूक माझीच. संसार चांगला झाला, तुझे भाऊजी चांगले होते, म्हणून बोलले नाही. तू इतकी वर्षे हे उराशी धरून बसलीस, हे मात्र मला माहीत नव्हते; माहीत असते तर केव्हाच सांगितले असते.

"पत्रिका कपाटात ठेवली आहे, तेथेच राहील. मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना पुढच्या रविवारी जेवायला बोलावले आहे. तू दोन दिवस आधी ये. पुरणाला माझ्याच्याने आता हात चालत नाही."

मी शुक्रवारच्या गाडीचे तिकीट काढले.